कर्ज फेडताना घर कसं चालवायचं?

समोर बसलेल्यांपैकी निम्मे चेहरे आमच्या ओळखीचे आहेत. काहींना आम्ही शिकवलंय, काहींच्या वडिलांबरोबर आम्ही याच कबनूरमध्ये विटीदांडू खेळलोय. तेव्हा आज भाषण कमी आणि हिशेब जास्त करू. ज्यांच्याकडे कागद-पेन असेल त्यांनी ते बाहेर काढावं. नसेल तर मोबाईल चालेल, पण त्यावर फक्त आकडे लिहायचे.

पहिला प्रश्न आपणच विचारून टाकू. तत्त्वज्ञानाच्या माणसाने घरखर्चावर कशाला बोलावं? उत्तर सोपं आहे. ज्या ग्रीक शब्दापासून इंग्रजीतला अर्थशास्त्राचा शब्द आला, त्याचा मूळ अर्थच मुळी घराची व्यवस्था असा आहे. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्याच भागात घर चालवणं आणि पैसा वाढवणं या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आणि व्याजाच्या धंद्यावर कडक टीका केली. आपल्याकडे तर माणूस जन्मालाच तीन ऋणं घेऊन येतो असं मानलं गेलं: देवांचं, ऋषींचं आणि पितरांचं. आता त्यात बँकेचं चौथं आलंय, एवढंच.

आणि चार्वाक? कर्ज काढा पण तूप प्या, असं तो म्हणाला हे सगळ्यांना पाठ आहे. पण चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ आज उपलब्ध नाहीत. त्यांची मतं आपल्याला मुख्यतः विरोधकांच्या ग्रंथांतून कळतात; चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांचा ‘सर्वदर्शनसंग्रह’ हा त्यातला प्रसिद्ध. विरोधकाने दिलेल्या साक्षीवर माणसाला दोषी धरू नये. शिवाय आपल्या गावात तुपासाठी कर्ज काढणारा माणूस आम्ही तरी पाहिलेला नाही. इथं कर्ज निघतं ते दवाखान्यासाठी, लग्नासाठी, मागासाठी आणि घरासाठी.

आपल्या गावची कमाई सरळ रेषेत येत नाही

कबनूर इचलकरंजीला चिकटून आहे. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. तेव्हापासून या सगळ्या पट्ट्याचं पोट सुतावर आहे. कांडीवाली, कामगार, जॉबर, सायझिंगवाला, घडीवाला, दिवाणजी, खर्चीवाला. प्रत्येकाचा पैसा वेगळ्या तऱ्हेने येतो. मागावरच्या कामगाराला पिकांवर आणि मीटरवर मजुरी. वीज गेली, बीम आलं नाही, सुताचा भाव हलला, की त्या आठवड्याचा पगार निम्म्यावर. पण बँकेचा हप्ता मात्र महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या रकमेचा. आठवड्याची कमाई आणि महिन्याचा हप्ता यांचं हे जमत नाही, आणि आपल्याकडची बरीच भांडणं इथूनच सुरू होतात.

नोकरदारांसाठी लिहिलेली पुस्तकं सांगतात, पगाराचे तीन भाग करा. आपल्याला त्याआधी दुसरं काम करावं लागतं. मागच्या बारा महिन्यांची कमाई लिहून काढायची आणि त्यातले सगळ्यात वाईट तीन महिने शोधायचे. त्या तीन महिन्यांची सरासरी हाच आपला पगार, असं समजून घर बसवायचं. तेजीच्या महिन्यात वर आलेला पैसा हा पगार नव्हे. तो येणाऱ्या मंदीचा हप्ता आहे. तो वेगळ्या खात्यात टाकायचा. घरातल्या बायका हे पूर्वी डब्यांत करायच्या. डाळीच्या डब्यात शाळेची फी, मेथीच्या डब्यात दिवाळी. डब्याची बँक झाली तरी पद्धत तीच.

आधी आमचा गुन्हा

दुसऱ्याला शिकवण्याआधी आपली चूक सांगावी, म्हणून सांगतो. १९८७ ची गोष्ट. वडिलांचं ऑपरेशन होतं. आम्ही एका खासगी माणसाकडून वीस हजार रुपये घेतले, महिना चार टक्क्यांनी. म्हणजे महिन्याला आठशे रुपये नुसतं व्याज. हातात पगार यायचा साडेतीन हजारांच्या आसपास. आणि ही गोष्ट आम्ही घरात सांगितली नाही. सौभाग्यवती रोज रात्री वही लिहायच्या. आम्ही त्या वहीत ‘पुस्तके’ म्हणून आठशे रुपये लिहून घ्यायचो. सव्वीस महिने. हिशेब करा: वीस हजार आठशे रुपये व्याज गेलं आणि मुद्दल वीस हजार जागच्या जागी.

एक दिवस सावकाराची चिठ्ठी आमच्याच एका जाड ग्रंथात सापडली. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “तुम्ही पोरांना सत्य म्हणजे काय ते शिकवता, आणि वहीत खोटं लिहून घेता?” मग त्यांनी पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सोनेतारण झालं, सावकार संपला. पाटल्या सोडवायला पुढं पंधरा महिने लागले. त्या पंधरा महिन्यांत आम्ही रिकाम्या मनगटांकडे बघत जेवलोय.

त्यातला सगळ्यात महाग भाग कोणता होता? चार टक्के व्याज नव्हे. सव्वीस महिने. सौभाग्यवतींना पहिल्याच महिन्यात सांगितलं असतं तर पाटल्या पहिल्याच महिन्यात निघाल्या असत्या. म्हणून आमचा पहिला नियम असा: घरातलं प्रत्येक कर्ज घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाला माहीत पाहिजे. बायकोच्या नावावर घेतलेलं गटाचं कर्ज नवऱ्याला, आणि नवऱ्याने मित्राकडून घेतलेले हातउसने बायकोला.

एक घर घेऊ

आता कागदावर एक घर मांडू. हे कुणाचं खरं घर नाही. शिकवण्यापुरतं आम्ही बनवलंय. वडील प्रोसेसमध्ये, २४ हजार. आई कांडीवर जाते आणि शिवणकाम करते, ९ हजार. मुलगा कामाला लागलाय, १५ हजार. एकूण ४८ हजार. घरासाठी कर्ज १८ लाख, मुदत २० वर्षं, दर साडेआठ टक्के. हप्ता साधारण १५,६००. पतसंस्थेचं एक लाखाचं गाडीकर्ज, तीन वर्षांसाठी, १४ टक्के, हप्ता ३,४२०. सोन्यावर ६० हजार उचललेत, महिना एक टक्का, व्याज ६००. क्रेडिट कार्डाचे ४० हजार थकलेत. ‘किमान रक्कम’ म्हणून महिन्याला २ हजार भरतात. आणि एका सावकाराचे ५० हजार, महिना पाच टक्के. व्याज अडीच हजार.

बेरीज करा. १५,६०० अधिक ३,४२० अधिक ६०० अधिक २,००० अधिक २,५००. झाले २४,१२०. निम्म्याहून जास्त कमाई कर्जाला. राहिले २३,८८०, त्यात किराणा, दूध, गॅस, वीज, पेट्रोल, क्लासची फी, दवाखाना, आहेर, वर्गणी सगळं. घर चालतंय, पण एखादं आजारपण आलं की सहावं कर्ज.

या घराला लोक काय सल्ला देतात? “घराचं कर्ज मोठं आहे, आधी ते कमी करा.” आकडा मोठा दिसतो म्हणून भीती त्याचीच वाटते. पण मोठं कर्ज आणि महाग कर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक कर्जापुढं वर्षाचा व्याजदर लिहा. घर साडेआठ. सोनं बारा. पतसंस्था चौदा. कार्ड महिना साडेतीन, म्हणजे वर्षाला बेचाळीस. वर त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी. सावकार साठ. आता दिसलं ना, घराला आग कुठं लागलीय ते?

शंभर रुपये घराच्या कर्जात जादा भरले तर वर्षाला साडेआठ रुपये वाचतात. तेच शंभर सावकाराला दिले तर साठ वाचतात. यात तत्त्वज्ञान काही नाही, पाढे आहेत.

वीस महिन्यांची वाट

या घराने काय करावं? पहिली पायरी: सावकाराचे ५० हजार सोन्यावर आणखी उचल घेऊन फेडावेत. अडीच हजारांचं व्याज ५०० वर येतं. महिन्याला दोन हजार सुटले, आणि अजून आपण खर्चाला हातही लावलेला नाही. सावकाराकडून सही केलेले कोरे चेक आणि स्टॅम्पपेपर परत घ्यायचे, पैसे मिळाल्याची पावती घ्यायची. फेडूनही कागद तिथंच राहिले तर कर्ज पुन्हा जिवंत होऊ शकतं.

दुसरी पायरी: खर्चातून तीन हजार. ते कुठून निघतील ते घरात बसून ठरवायचं, एकट्याने नाही. आमचा अनुभव असा, की किराण्यातून ओढाताण करून पाचशे निघतात आणि घर कडू होतं. आहेर-मानपान, बाहेरचं खाणं, दोन मोबाईलचे हप्ते आणि मोटरसायकलवरच्या अकारण फेऱ्या यांतून तीन हजार निघतात. मुलांची फी आणि दवाखाना यांना हात लावायचा नाही. तिथं वाचवलेला रुपया नंतर पाच होऊन मागायला येतो.

तिसरी पायरी: हे दोन आणि तीन, अधिक आधीपासून भरत असलेले दोन, असे सात हजार दर महिना कार्डावर. कार्ड घरात कुलपात. नवीन खरेदी केली नाही तर सातव्या महिन्यात कार्ड शून्य होतं. नुसती किमान रक्कम भरत राहिलो असतो तर त्या दोन हजारांतले साडेसोळाशे व्याजात आणि करात जात होते. म्हणजे कर्ज हलतच नव्हतं.

चौथी पायरी: सुटलेले सात हजार आणि चालू व्याजाचे अकराशे, असे ८,१०० सोन्यावर. एक लाख दहा हजारांचं ते कर्ज पंधरा महिन्यांच्या आत फिटतं. एकूण साधारण बावीस महिने. मध्ये दिवाळी येतेच. बोनसातले पंधरा हजार यात टाकले तर वीस महिन्यांत सोनं घरी.

हे वीस महिने लक्षात ठेवा. पाच टक्क्यांनी पन्नास हजारांवर वीस महिने व्याज भरलं तर किती होतं? पन्नास हजार. मुद्दलाइतकं व्याज, आणि मुद्दल तसंच. म्हणजे ज्या वेळात सावकाराचं व्याज दुप्पट करून देतं, तेवढ्याच वेळात हे घर सावकार, कार्ड आणि सोनं या तिन्हींतून बाहेर पडतं. कमाई तीच, माणसं तीच. क्रम बदलला.

एक सावधगिरी. सोनेतारणाची मुदत आणि व्याजाची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मुदत टळली तर लिलाव होतो. आईच्या अंगावरचं सोनं आळसामुळे जाऊ नये.

व्याजाला मर्यादा असते, हे जुनं शहाणपण आहे

कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’त साध्या कर्जाला शंभर पणांवर महिना सव्वा पण हे धर्म्य व्याज सांगितलं. म्हणजे वर्षाला पंधरा टक्के. व्यापाऱ्याला महिना पाच, जंगलातून माल नेणाऱ्याला दहा, समुद्रावर जाणाऱ्याला वीस. जसा धोका तसा दर. आता बघा, आपल्या गावात सावकार पोराच्या शस्त्रक्रियेसाठी जो पाच टक्के लावतो, तो कौटिल्याने नफा कमावायला निघालेल्या व्यापाऱ्याला लावलाय.

दुसरी जुनी गोष्ट दामदुपटीची. व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही, असा हा हिंदू धर्मशास्त्रातला नियम. आम्ही तो वर्गात शिकवलाय. शिकवत होतो त्याच वर्षी आमचं व्याज मुद्दलाच्या वर गेलं होतं, हेही कबूल करतो. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे इथं शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा राग मुख्यतः सावकारांच्या कागदांवर होता. कर्जखतं जाळली गेली. त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला.

आपल्याला जाळपोळ करायची गरज नाही, कारण २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. परवाना असलेल्यालाही बिगरशेती कर्जावर तारण असेल तर वर्षाला पंधरा आणि नसेल तर अठरा टक्क्यांपर्यंतच दर ठरवून दिलाय. कौटिल्याचा पंधरा आणि हा पंधरा, आकडा सारखाच! अवैध सावकाराने जमीन किंवा घर लिहून घेतलं असेल तर सहकार खात्याच्या निबंधकाकडे दाद मागता येते. तालुक्याला सहायक निबंधकाचं कार्यालय असतं. जाताना एकटं जाऊ नका आणि कागदाची प्रत घेतल्याशिवाय परतू नका.

आता घराचं कर्ज

घराच्या कर्जाला घाबरायचं नाही, पण त्याला विसरायचंही नाही. पहिल्या महिन्याचा १५,६०० चा हप्ता फोडून पाहू. त्यातले १२,७५० व्याज. मुद्दलात जातात जेमतेम २,८५०. वीस वर्षांत आपण साडेसदतीस लाखांच्या जवळ भरतो, त्यातलं साडेएकोणीस लाख व्याज.

पण यातच एक चांगली बातमी आहे. जादा भरलेला प्रत्येक रुपया थेट मुद्दलात जातो. वर्षाला फक्त एक हप्ता जादा, म्हणजे महिन्याला तेराशे रुपये सुरुवातीपासून भरले, तर वीस वर्षांचं कर्ज साडेसोळा वर्षांत संपतं आणि जवळजवळ चार लाख रुपये वाचतात. बदलत्या दराच्या गृहकर्जात व्यक्तीने मुदतीआधी पैसे भरले तर त्यावर दंड घेता येत नाही. पैसे भरताना लेखी सांगा: “मुदत कमी करा, हप्ता तोच ठेवा.”

दर बदलतो तेव्हा काय होतं? २०२२ च्या मे महिन्यापर्यंत रेपो दर ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहावर गेला. ज्याने पावणेसात टक्क्यांनी १८ लाख घेतले होते, त्याचा हप्ता होता साधारण १३,७००. दर अडीच टक्क्यांनी वाढून सव्वानऊ झाला की १८ लाखांवरचं एका महिन्याचं व्याजच होतं १३,८७५. म्हणजे नव्या कर्जात जुना हप्ता व्याजालासुद्धा पुरत नाही! अशा वेळी बँका हप्ता तोच ठेवून मुदत वाढवत होत्या, आणि कर्जदाराला वाटत होतं की काही बदललेलं नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं की दर बदलल्याचा परिणाम कर्जदाराला कळवा, आणि हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, दोन्ही थोडं थोडं करायचं की मुद्दल भरायचं हा पर्याय त्याला द्या. तो हक्क मागून घ्या. वर्षातून एकदा बँकेत जाऊन एकच प्रश्न विचारायचा: “माझे आता किती हप्ते राहिले?” किती रुपये राहिले हे नंतर.

२०२५ च्या फेब्रुवारी ते जूनमध्ये रेपो दर एक टक्क्याने उतरला. दर उतरला की हप्ता कमी करून घ्यायचा मोह होतो. जमत असेल तर हप्ता जुनाच ठेवा. सवय झालेली आहे, घराला चटका बसत नाही, आणि वर्षं कमी होतात.

कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रं तीस दिवसांत परत मिळाली पाहिजेत. संस्थेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाईचा नियम आहे. कागद हातात आल्यावर उताऱ्यावरचा बोजाही उतरवून घ्या. आपण पेढे वाटतो आणि बोजा विसरतो.

हप्ता चुकणारच असेल तर

एका ताईंनी मघाशी चिठ्ठी पाठवली आहे: “दोन महिने माग बंद आहेत. हप्ता भरायला गटातून कर्ज काढू का?” नाव नाही, पण प्रश्न अनेकांचा आहे.

ताई, साडेआठ टक्क्यांचा हप्ता भरायला चोवीस टक्क्यांचं कर्ज काढू नका. आधी बँकेत जा, हप्त्याच्या तारखेच्या आधी जा. तारखेनंतर गेलेला माणूस थकबाकीदार असतो, आधी गेलेला ग्राहक असतो. अडचण लेखी द्या, मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का विचारा. त्याची नोंद सिबिलवर होऊ शकते, तेही विचारून घ्या. भिशी लागली असेल तर ती हप्त्याला वापरा, टीव्हीला नको. आणि वसुलीला आलेल्या माणसाने दमदाटी केली तर लाजून दार लावू नका. शेजाऱ्यांना बोलवा, तारीख-वेळ लिहून ठेवा, तक्रार करा. कर्ज हा करार आहे. करार मोडला तर त्याचे परिणाम आहेत, पण अपमान सहन करणं हे त्या करारात कुठं लिहिलेलं नसतं.

आणि ज्यांचे माग चालू आहेत त्यांच्यासाठी: सोनं सुटल्यावर हात मोकळा होईल तेव्हा सगळं घराच्या कर्जात ओतू नका. आधी तीन महिन्यांच्या हप्त्यांएवढी रक्कम बाजूला ठेवा. आपल्या उदाहरणात ती होते सत्तेचाळीस हजारांच्या आसपास. ती नसेल तर पुढची मंदी पुन्हा त्याच सावकाराच्या दारात नेऊन उभी करते.

वेळ संपत आली. आज रात्री जेवण झाल्यावर टीव्ही बंद करा आणि वही उघडा. पाच रकाने पाडा: कुणाचं देणं, किती राहिलं, वर्षाचा दर किती, महिन्याला किती जातं, घरात कुणाकुणाला माहीत आहे. पाचव्या रकान्यात जिथं एकच नाव येईल, तिथून सुरुवात करा. आमच्या घरी ती जुनी वही अजून आहे. तिच्यात ‘पुस्तके, आठशे’ अशा सव्वीस ओळी आहेत. सौभाग्यवतींनी त्या खोडल्या नाहीत, समोर लाल पेनाने खरं नाव लिहून ठेवलंय.

चिठ्ठी पाठवलेल्या ताईंनी थांबावं. बँकेला द्यायचा अर्ज आपण इथंच बसून लिहू.